पिसे झडणाऱ्या कोंबड्यांसाठी घरी येणारे पशुवैद्यक : एका सेवेचा अनुभव

चिपळूण तालुक्यात गाई-म्हशींसाठी घरी येणारे पशुवैद्यक मिळणे अवघड नाही, पण परसात पाळलेल्या मूठभर कोंबड्यांसाठी कोणी यायला तयार होणे ही वेगळी गोष्ट आहे. कोंबडी आजारी पडली तर तिच्यावर खर्च करण्यापेक्षा तिचा रस्सा करावा, असा आपल्याकडचा हिशेब असतो, आणि तपासणीची फी कोंबडीच्या किमतीएवढी होत असेल तर तो हिशेब अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. तरीही पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या गावरान आणि गिरिराज या सुधारित जातीच्या कोंबड्यांची पिसे झडू लागली तेव्हा ज्या खासगी पशुवैद्यकांना आम्ही बोलावले, त्यांच्या सेवेविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण औषध सुचवण्याआधी कारण शोधून काढण्याचे काम त्यांनी मनापासून केले.

त्याआधी घरात आले होते ते खाद्याच्या दुकानातले कॅल्शियमचे पातळ औषध आणि जीवनसत्त्वांची पूड. दुकानदाराने कोंबडी पाहिलेली नव्हती. ‘पिसं झडतात’ एवढे ऐकून त्याने फळीवरच्या दोन वस्तू काढून दिल्या. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कोणत्याही दुकानात बहुधा हेच घडले असते. कॅल्शियम लागते ते अंड्याच्या कवचाला. पीस मात्र जवळजवळ सगळे केराटिन या प्रथिनाचे असते, त्यामुळे ते पुन्हा उगवायला प्रथिने लागतात, आणि कोकणात कोंबड्यांच्या पुढ्यात जी तांदळाची कणी आणि उरलेला भात पडतो त्यात ती फारच थोडी असतात.

डॉक्टरांनी आल्या आल्या कोंबडी हातात घेतली नाही. कोंबडे किती, कोंबड्या किती, त्या रात्री कुठे बसतात, अंडी कधीपासून कमी झाली, कोणी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली आहे का, खाद्यात नेमके काय काय जाते, अशी विचारपूस त्यांनी खुराड्याजवळ उभ्या उभ्या केली आणि तेवढ्या वेळात अंगणात फिरणाऱ्या कोंबड्यांवर नजर ठेवली. पिसे किती गेली यापेक्षा ती अंगावर कुठून गेली याला त्यांच्या लेखी अधिक महत्त्व होते. डोक्यामागचा भाग आणि पाठ उघडी पडली असेल तर संशय कोंबड्यावर जातो. शेपटीच्या बुडाशी पिसे ओढलेली दिसली तर इतर कोंबड्यांवर. पोटाखाली कातडी मोकळी झाली असेल आणि कोंबडी खुडूक असेल तर तिने अंड्यांना ऊब लागावी म्हणून स्वतःच ती पिसे काढलेली असतात आणि त्यावर काहीही करायचे नसते.

मग एकेक कोंबडी काखेत धरून त्यांनी मोबाइलच्या उजेडात पिसे उलटी फिरवून पाहिली. एका तलंगेच्या, म्हणजे तरुण कोंबडीच्या, शौचाच्या जागेखाली पिसांच्या बुडाशी साबुदाण्यासारखे पांढरट गोळे घट्ट चिकटलेले होते आणि पिसे बाजूला सारताच गवती पिवळ्या रंगाचे बारीक किडे कातडीवरून पळाले. ते गोळे म्हणजे उवांच्या लिखा. पावसाळ्यात अंगणात कोरडी माती राहत नाही, कोंबड्यांना धुळीत लोळता येत नाही आणि उवांना रान मोकळे मिळते, हे त्यांनी सांगितलेले कारण आमच्या भागाला तंतोतंत लागू पडते. सर्वांत जुन्या कोंबडीच्या मानेवर मात्र मेणचट आवरणात गुंडाळलेले नव्या पिसांचे कोंब रांगेने वर आलेले दिसत होते. दिवस लहान होऊ लागले की वर्षाकाठी होणारी ही पिसांची बदली आहे. ती डोक्या-मानेपासून सुरू होऊन छाती, पाठ, पंख आणि शेपटीकडे सरकते, साधारण 8 ते 12 आठवडे चालते आणि या काळात अंडी बंद होतात. या कोंबांत रक्त असते आणि हात लागला तर दुखते, म्हणून तिला उगाच धरू नका, एवढीच तिच्यासाठी सूचना होती.

तरीही बाकीच्यांच्या फिकट तुऱ्यांचा आणि विस्कटलेल्या पिसांचा उलगडा यातून होत नव्हता, आणि या सेवेची खरी कसोटी इथेच होती. दिवसा त्या कोंबड्यांच्या अंगावर काहीच सापडले नाही. डॉक्टरांनी सांगितले की रात्री पूर्ण अंधार पडल्यावर पांढरे फडके घेऊन बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूने घासत न्यावे. तसे केले तेव्हा फडक्यावर तांबूस-तपकिरी ओरखडे उमटले. रक्त पिऊन फुगलेले तांबडे माइट चिरडले गेले होते. कोळ्याच्या कुळातले हे जीव दिवसा लाकडाच्या फटींत आणि सांध्यांत लपतात आणि रात्री वर येऊन रक्त पितात. झोप उडालेल्या कोंबड्या मग स्वतःला खाजवतात आणि एकमेकींची पिसेही ओढतात. उवांचा सगळा जन्म कोंबडीच्या अंगावर जातो, या माइटांचे घर मात्र खुराड्यात असते, म्हणून केवळ कोंबडीवर औषध मारून भागत नाही.

दांड्या काढून सांध्यांत उकळते पाणी ओतणे, फटी बुजवणे, वर चुन्याचा हात देणे आणि आठवड्याने हेच पुन्हा करणे, असा उपाय मिळाला. उबदार हवेत माइटांची नवी पिढी आठवड्याभरात तयार होते, आणि खुराडे रिकामे ठेवून त्यांना उपाशी मारावे म्हटले तर ते कित्येक महिने तग धरतात. उवांसाठी औषध दोनदा लावायचे होते, कारण पहिल्या वेळी लिखा मरत नाहीत. त्याशिवाय छपराखाली चुलीची राख आणि कोरडी माती भरलेली जुनी पाटी ठेवायची होती. खाद्यात 16 टक्के प्रथिने असलेले लेयर (अंड्यांवरच्या कोंबड्यांचे) खाद्य मुख्य, कणी वरून चिमूटभर, आणि पिसे येत असताना मीठ न लावलेला सुका जवळा, हा सल्ला तर कोकणात कोणालाही परवडणारा आहे. माइट आटोक्यात आले, तुरे लाल झाले आणि पिसे हळूहळू भरली; औषधांवर झालेला खर्च दुकानातल्या त्या दोन वस्तूंपेक्षा कमी होता.

उणिवाही सांगायला हव्यात. फी 400 रुपये आणि पेट्रोल वेगळे. एक कोंबडी दाखवा किंवा सगळ्या, रक्कम तीच. वेळ मिळण्यासाठी बरीच वाट पाहावी लागते, कारण गाईच्या बाळंतपणापुढे कोंबडीची पिसे मागे पडणारच. त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक नाही, त्यामुळे पिसाच्या मुळाशी कातडीत घुसणाऱ्या माइटची शंका आली तर खरवडलेला नमुना दुसरीकडे पाठवावा लागतो. आणि कोंबड्या मरू लागल्या असतील तर या सेवेवर वेळ न घालवता सरकारी दवाखान्यामार्फत पुण्यात औंधला असलेल्या पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागापर्यंत पोहोचणे केव्हाही बरे. मला सर्वांत खटकलेली गोष्ट अशी की औषध लावल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे आम्ही विचारल्यावरच सांगितले गेले आणि कागदावर लिहून मिळालेच नाही. अंडी शेजारीपाजारी देणाऱ्या घरात ही बाब तोंडी ठेवून चालत नाही.

ज्यांना या डॉक्टरांना किंवा अशा कोणत्याही पशुवैद्यकांना बोलवायचे असेल त्यांनी आदल्या दिवशी खुराडे धुऊन, राख मारून लख्ख करू नये. डॉक्टरांना जे पाहायचे असते ते त्या साफसफाईतच निघून जाते.