न्हाणीच्या चुलीसाठी घरी पत्रा कापणं: कात्री, ग्राइंडर आणि निबलर पावसाळाभर वापरल्यानंतर

कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, असलेल्या घरात जळणाची वाण नसते. गोव्यात आमच्या फोंडा तालुक्यात तर नाहीच. नारळाची सोडणं, करवंट्या, झावळ्या, पोफळीची वाळकी पानं, काही ना काही रोज हाताशी असतं. त्यामुळे अंघोळीचं पाणी अजूनही न्हाणीतल्या भाणात, म्हणजे पाणी तापवायच्या मोठ्या भांड्यात, चुलीवरच तापतं. त्रास होता तो धुराचा, आणि भाणाच्या पोटाला नीट न लागता बाजूने निसटून जाणाऱ्या जाळाचा. म्हणून चिऱ्यांच्या जुन्या चुलीला दोन जोड दिले. एक, भाणाभोवती पत्र्याचं कडं. दुसरा, चुलीच्या तोंडात लाकूड टेकवायला पत्र्याची फळी, म्हणजे लाकूड वर राहतं आणि हवा खालून शिरते. सगळी कापाकापी घरी केली, नंतर शेजारच्या दोन घरांच्या चुलींसाठीही केली. आता हत्यारांबद्दल खात्रीने लिहिता येईल.

आधी पत्र्याचं बोलतो, कारण हत्यार पत्र्यावरून ठरतं. घराच्या मागे छपराचे गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले, तुकडे पडलेले असतात आणि पहिला हात त्यांच्याकडेच जातो. ते जाळाजवळ लावू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, ९०७ अंशांना उकळतं, आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. न्हाणी ही बंद जागा, तिथे घरातली म्हातारी माणसं आणि मुलं बसतात. कड्यासाठी मी ३०४ स्टेनलेसचा २२ गेज, म्हणजे साधारण ०.७ मिमीचा पत्रा घेतला आणि फळीसाठी २ मिमीचा साधा एम.एस., म्हणजे माइल्ड स्टील.

कड्याचं माप अंदाजाने घेऊ नये. चुलीचा घसा १४ बाय १४ सेंमी, म्हणजे १९६ चौरस सेंमी. भाणाचा घेर १२६ सेंमी. घशातून येतो तेवढ्या जाळाला भाणाभोवतीही तेवढीच वाट हवी, म्हणून १९६ भागिले १२६, साधारण दीड सेंमी. एवढी फट ठेवली. कमी ठेवली तर चूल कोंडते आणि धूर तोंडातून बाहेर येतो, जास्त ठेवली तर कड्याचा उपयोगच उरत नाही. या हिशेबाने पट्टी १३५ सेंमी लांब, वर सांध्यासाठी ५ सेंमी.

आता हत्यारं. सगळ्यात जास्त हातात राहिली ती पत्र्याची कात्री, दुहेरी सांध्याची, जिला दुकानात एव्हिएशन स्निप म्हणतात. पिवळ्या मुठीची सरळ कापते, लाल डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे. एकच घ्यायची असेल तर पिवळी घ्या असं लोक सांगतात. मला ते पटत नाही. चुलीच्या कामात सरळ काप थोडे आणि वळणं, खाचा, कोपरेच जास्त. लाल आणि हिरवी अशी जोडी घेतली की पिवळीवाचून अडत नाही, लांब वळणाने सरळही जाता येतं. या कात्रीची मर्यादा एम.एस.मध्ये १.२ मिमी आणि स्टेनलेसमध्ये ०.७ मिमीच्या आसपास. म्हणजे माझा कड्याचा पत्रा तिच्या अगदी काठावर होता, आणि लांब काप घेताना मनगटाला ते जाणवतं. पातं पूर्ण मिटू न देता, टोक मिटायच्या आधीच पुढे सरकवत गेलं तर कडेला दातरा राहत नाही. थोडी खरखर राहतेच, ती कानशीने काढावी लागते. ही कड हात कापते. आमच्याकडे न्हाणीत लोक उघड्या पायांनी, ओल्या हातांनी वावरतात, म्हणून कड्याची वरची कड मी सेंटीमीटरभर दुमडून ठोकून घेतली.

लांब सरळ काप मात्र घरी करूच नयेत असं माझं मत झालंय. पत्रा विकणाऱ्या बऱ्याच दुकानांत पत्रा सरळ कापणारं शेअरिंग मशीन असतं. पट्टी तिथेच मापाने कापून आणावी, भोकं, खाचा, गोलाई घरी करावी. पूर्ण ८ बाय ४ फुटी १.२ मिमीचा एम.एस. पत्रा २८ किलोच्या आसपास भरतो, तो स्कूटरवरून आणायच्या भानगडीतही पडावं लागत नाही.

चार इंची ग्राइंडर २ मिमीच्या फळीसाठी लागलाच. एक मिलिमीटरची पातळ चकती लोण्यातून सुरी जावी तशी जाते, पण पत्रा लोंबकळत असेल तर काप मिटतो, चकती त्यात आवळते आणि मशीन अंगावर झटका देतं. दोन जाड फळ्यांमध्ये पत्रा शिकंज्याने आवळून, रेघ फळीच्या कडेलगत ठेवून, एका दमात न कापता दोन-तीनदा वरवर फिरवत कापलं की काम शांतपणे होतं. गार्ड काढून काम करणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून कुणी तसं करू नये. चेहऱ्यासमोर पूर्ण काच असलेली ढाल हवी, नुसता चष्मा पुरत नाही. ठिणग्या कुठे जातात तेही बघा: आमच्याकडे सोडणांचा ढीग नेहमी जवळच असतो.

गोव्याच्या हवेसाठी ग्राइंडरबद्दल तीन गोष्टी खास सांगतो. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, सहसा बनवल्यापासून तीन वर्षं. ओल लागलेली चकती आतून कमजोर होते, म्हणून मी चकत्या झाकणाच्या डब्यात ठेवतो. स्टेनलेससाठी चकती वेगळी ठेवा. एम.एस. कापलेली चकती स्टेनलेसवर चालवली की लोखंडाचे कण कडेला रुततात आणि दमट हवेत तिथे तांबूस ठिपके उमटतात. आणि न्हाणीच्या ओल्या जमिनीवर ग्राइंडर लावू नका. काम बाहेर ओट्यावर, ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीवर, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर.

ड्रिलला लावायचा निबलर, म्हणजे पत्र्याचे बारीक लचके तोडत कापणारं हत्यार, गोल कापायला छान वाटतो. पत्रा वाकत नाही, कडही बरी येते. पण तो चंद्रकोरीसारखे बारीक तुकडे सांडतो. एम.एस.चे चुंबकाने उचलता येतात, ३०४चे चुंबकाला नीट लागत नाहीत. अंगणात अनवाणी फिरणाऱ्या घरात मी तो फारसा काढत नाही. भोकांसाठी पायऱ्यांचा ड्रिल बिट कितीतरी सरस. स्टेनलेसवर वेग कमी, दाब जास्त आणि तेल हवंच, नाहीतर जागा कडक होते आणि बिट नुसता घासत बसतो. घाण्याचं खोबरेल मला इथे चांगलं चाललं.

सांधा रिव्हेटने पक्का करू नये. ३०४ उष्णतेने बरंच प्रसरण पावतं. १४० सेंमीची पट्टी ३०० अंशांनी तापली तर सुमारे ७ मिमी वाढते. म्हणून एका टोकाला गोल भोकं, दुसऱ्याला लांबट खाचा आणि मध्ये सैल बोल्ट. माझं कडं अजून गोल आहे. शेजारी एका घरी सांधा घट्ट केला होता, तिथे पत्रा पोटाशी फुगला आणि फट एका बाजूला बुजली.

पावसाळ्याने खरा निकाल दिला. कड्याला पिवळी-निळी झाक आली, पण भोक नाही, पापुद्रा नाही. ओलसर सोडणांवरही पाणी पूर्वीपेक्षा लवकर उकळतं आणि आईला आता चुलीसमोर डोळे पुसावे लागत नाहीत, मला एवढ्यासाठीच हे करायचं होतं. एम.एस.ची फळी मात्र आतल्या टोकाला पापुद्रे सोडत पातळ होत चालली आहे. तिथे निखाऱ्यात लोखंड लालभडक होतं, २ मिमी पुरत नाही. पुढची फळी ५ मिमीच्या पट्टीतून करणार आहे आणि दोन्ही टोकांना खाचा सारख्याच पाडणार आहे, म्हणजे जळलेलं टोक उलटं फिरवून बाहेर घेता येईल. तेवढ्या कामाला ग्राइंडरच लागेल.