डायरेक्शनच्या कोर्सचा रिव्ह्यू : वर्षभर केला, मग बोलतोय

नाव घेत नाही, अंधेरीतली एक प्रायव्हेट इन्स्टिट्यूट, वर्षभराचा डायरेक्शनचा कोर्स. फी लाखांत, एसी क्लासरूम, रिसेप्शनला कॉफी मशीन पण. शिकवणारे वाईट अजिबात नव्हते हां, एडिटिंगचे सर तर भारीच, एकच सीन तीन वेगवेगळ्या पद्धतीने कापून दाखवायचे आणि कट जरासा उशिरा घेतला की तोच सरळ माणूस खोटं बोलतोय असं वाटायला लागायचं. त्यासाठी पूर्ण मार्क.

पण गोची अशी की बॅचमधे सगळेच डायरेक्टर. कॅमेरा शिकणारं कोणी नाही, साउंड शिकणारं तर औषधालाही नाही. मग काय, तू माझा बूम (लांब काठीवरचा माइक) धर, मी तुझा धरतो. एका क्लासमेटने फ्लॅटच्या किचनमधे सीन शूट केला, अ‍ॅक्टर मस्त, लाइट मस्त, सगळे टेक ओके, आणि एडिटला बसल्यावर प्रत्येक डायलॉगच्या मागे फ्रिज घरघरतोय. साउंडवाला असता तर आल्या आल्या फ्रिज बंद केला असता (आणि तो परत चालू करायचा राहू नये म्हणून आपल्या गाडीची किल्ली आत टाकून ठेवली असती, ही त्यांची जुनी ट्रिक आहे).

पुण्याचं एफटीआयआय (सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट) इथेच वेगळं पडतं. 1960 साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालं वगैरे सगळ्यांना माहितीये, मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथे डायरेक्शन, कॅमेरा, एडिटिंग, साउंड असे वेगवेगळे कोर्स आहेत आणि डिप्लोमा फिल्म (कोर्सच्या शेवटी करायची ती) ही चौघांचीही असते, त्यामुळे साउंडवाला तुमच्यावर उपकार म्हणून येत नाही, त्याचाही डिप्लोमा त्यात अडकलेला असतो. उमेश कुलकर्णी, पायल कपाडिया हे डायरेक्टर तिथलेच. राजकुमार हिरानी तर तिथे एडिटिंगला होते, डायरेक्शनला नाही! सीटा मात्र मोजक्या आणि कोर्स तीन वर्षांचा असला तरी तीनच वर्षांत संपेल असं धरून चालू नका.

आता कोणीतरी म्हणणारच, चैतन्य ताम्हाणे कुठल्या फिल्म स्कूलला गेला होता? नव्हता गेला, आणि त्याचा 'कोर्ट' सिनेमा 2014 ला व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलमधे बक्षीस घेऊन आला. मान्य. पण नागराज मंजुळेंचं उदाहरण देताना लोक अर्धंच सांगतात, 'पिस्तुल्या' ही शॉर्टफिल्म त्यांनी नगरला कम्युनिकेशन शिकत असताना केलीये. म्हणजे कॉलेज होतंच, फक्त लाखांचं नव्हतं.

माझं मत, फ्रेमिंग, लेन्स, स्क्रिप्ट हे सगळं यूट्यूबवर आणि सेटवर असिस्टंट म्हणून राबून पण येतं. शाळेत पैसे मोजायचे ते टीमसाठी आणि डेडलाइनसाठी. ज्या कोर्समधे टीमच मिळत नाही तिथे त्याच पैशात चार शॉर्टफिल्म करा, साउंड रेकॉर्डिस्टला रीतसर पैसे देऊन.

आमच्या इन्स्टिट्यूटला पाचपैकी अडीच, त्यातले दोन एडिटिंगच्या सरांचे. आणि हो, अ‍ॅडमिशन फॉर्म नीट वाचा. आमच्याकडे बारीक अक्षरात होतं की फिल्मचे सगळे हक्क संस्थेकडे, एका मुलीने स्वतःचीच फिल्म यूट्यूबवर टाकू का म्हणून ऑफिसात अर्ज दिलाय, अजून उत्तर नाही.