क्वीन्सटाउनला जाण्यापूर्वी: पाच दिवसांच्या मुक्कामाचा अभिप्राय

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील क्वीन्सटाउनला जायचे ठरल्यावर मी पाच दिवसांचा तासातासाचा आराखडा आखून सगळी आरक्षणे आधीच उरकून ठेवली होती, आणि तीच चूक ठरली. वाकाटिपू सरोवर आणि रिमार्केबल्स पर्वतरांग यांच्या बेचक्यातील या गावात दिवस कसा जाणार हे बऱ्याच अंशी वारा आणि ढग ठरवतात.

सर्वांत मोठा फटका मिलफर्ड साउंड या डोंगरांमधल्या समुद्री खाडीच्या सहलीत बसला. नकाशात हाकेच्या अंतरावर दिसणारे हे ठिकाण रस्त्याने सुमारे २९० किलोमीटर पडते, कारण सरळ वाट डोंगरांनी अडवलेली असल्याने गाडीला दक्षिणेकडून ‘ते अनाऊ’ या गावामार्गे वळसा घालून होमर बोगद्यातून जावे लागते. जाण्यायेण्याचे आठ तास, वर जलविहार आणि थांबे. म्हणजे अवघा दिवस बसमध्येच जातो. आमच्या वाट्याला तेही आले नाही. सप्टेंबरचा महिना, म्हणजे तिथला वसंत होता, हिमस्खलनाच्या धोक्यामुळे रस्ता बंद झाला आणि सहल रद्द झाल्याचा निरोप सकाळी निघताना मिळाला. पैसे परत आले. पण हिवाळ्यात आणि वसंतात हा रस्ता असा बंद होऊ शकतो, याबद्दल त्या सहल कंपनीने आरक्षणाच्या वेळी अवाक्षर काढले नव्हते, ही तक्रार मात्र राहतेच. माझे मत असे की मिलफर्ड पाहायचेच असेल तर ‘ते अनाऊ’ला एक रात्र मुक्काम करावा, आणि तसे जमणारे नसेल तर ही सहल मुक्कामाच्या सुरुवातीला ठेवावी, म्हणजे हुकली तरी पुढचा एखादा दिवस हाताशी राहतो.

त्या रिकाम्या झालेल्या दिवशी दुपारी आम्ही अर्नस्लॉ या वाफेच्या बोटीत बसलो, आणि पाच दिवसांत मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट हीच. १९१२ सालची ही बोट डनीडिन शहरात बांधून, पुन्हा सुटी करून, आगगाडीने सरोवराच्या दक्षिण टोकाच्या किंग्स्टनला आणून तिथे जोडली गेली. वरच्या डेकवर बोचरा वारा असतो, तर मधल्या मार्गिकेतून खाली वाकले की इंजिनघराची धग थेट तोंडावर येते. कोळसेवाला भट्टीचे दार उघडून फावडे रिकामे करतो, दार खण्णकन बंद होते आणि पितळी भाग क्षणभर तांबूस दिसतात. सरोवरापलीकडच्या वॉल्टर पीकच्या धक्क्यापर्यंतचा प्रवास मी बहुतेक तिथेच उभे राहून केला. डोंगर परतीच्या वाटेवर पाहिले.

साहसी खेळांविषयी थोडक्यात. १९८८ साली कायमस्वरूपी व्यावसायिक बंजी, म्हणजे पायाला लवचिक दोर बांधून उंचावरून मारायची उडी, जिथे जगात प्रथम सुरू झाली, तो कावाराऊ पूल ४३ मीटर उंच आहे, आणि नेव्हिस नदीच्या दरीवरची उडी १३४ मीटरची. मी उडी मारली नाही, आणि त्याची खंतही नाही. कावाराऊच्या कठड्याशी उभे राहून, नदीच्या पाण्याला डोके टेकवून वर येणाऱ्यांचे चेहरे पाहण्यात एक तास सहज जातो.

हिमक्रीडेसाठी जायचे असेल तर जून ते ऑक्टोबरची सुरुवात हा काळ धरावा. पायी भटकंती हा हेतू असेल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम, कारण तेव्हा रात्री नऊनंतरही उजेड असतो आणि १७४८ मीटर उंचीचे बेन लोमंड शिखर चढून उतरायला पुरेसा वेळ मिळतो. सामानात खाद्यपदार्थ असतील तर विमानतळावर ते न विसरता जाहीर करावेत. तिथे चुकीला ४०० न्यूझीलंड डॉलरचा जागीच दंड होतो.

सरोवरकाठी एक संध्याकाळ मात्र कोणतेही आरक्षण न करता ठेवावी. वाकाटिपूचे पाणी ठरावीक अंतराने काही सेंटिमीटर चढते आणि उतरते, आणि माओरी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या कथेनुसार ते तळाशी गाडलेल्या मताऊ राक्षसाच्या हृदयाचे ठोके आहेत. मी काठावरचा एक कोरडा दगड हेरून त्याच्याकडे पाहत बसलो होतो. साधारण पंधरा मिनिटांत तो ओला झाला.