‘जॉनी गद्दार’ की ‘मनोरमा’? एकच रात्र असेल तर

भुसावळहून भाच्याचा फोन. "मामा, दोन्ही सिनेमांतला एकच सांगा, सकाळी ड्युटी आहे." मी दोन्ही तीन-तीनदा पाहिलेत, तरी पटकन उत्तर देता आलं नाही.

दोन्ही सिनेमे सप्टेंबर 2007 मध्ये आठवड्याच्या अंतराने आले, तिकीटबारीवर दोन्हींची फार डाळ शिजली नाही आणि दोन्हींत विनय पाठक आहे. निवड करायची तर त्याच्याकडेच बघा. ‘जॉनी’मध्ये तो जुगाराचा अड्डा चालवणारा प्रकाश. तोंडाने गप्पा आणि डोक्यात हिशोब एकाच वेळी चालू. ‘मनोरमा सिक्स फीट अंडर’मध्ये तोच नायकाचा पोलीस मेहुणा. जिजाजींची मस्करी करतो तेव्हा आपण हसतो, पण तो गप्प बसला की थोडं बिचकायला होतं. दोन माणसं वेगळीच वाटतात.

वेगात मात्र ‘जॉनी’ला तोड नाही, हे मान्यच करतो. पाच भागीदार, प्रत्येकी पन्नास लाख, आणि त्यातला एक फिरतो. कोण ते आपल्याला लवकर कळतं, बाकीच्यांना नाही. त्यात धर्मेंद्र. गेलेल्या बायकोचा आवाज टेपवर ऐकत बसलेला म्हातारा. चेहऱ्यावर जवळपास काहीच हलत नाही, आणि तरी मी रिमोटला हात लावू शकलो नव्हतो.

पण माझं घोडं अडलं ते पत्त्यांपाशी. आमच्याकडे खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाया झोक्यावर आणि गडी पत्त्यांवर, हे काही सांगायला नको. वर्षातून त्या दोन-चार दिवसच पानं हातात घेणारा आमच्या गल्लीतला शेतकरीसुद्धा समोरच्याने पान उचललं की सांगतो, "हाऊच शे!" म्हणजे एक्का याच्याकडेच. पान बघून नाही, गिळलेला आवंढा बघून. आणि इथे आयुष्य डावावर काढलेली माणसं, त्यातल्या एकाचा धंदाच जुगाराचा, सगळ्यांत लहान पोराकडे बराच वेळ नीट बघतच नाहीत! तो पोर म्हणजे नील नितिन मुकेश, नायक म्हणून त्याचा हा पहिलाच सिनेमा. चेहरा मुद्दाम कोरा ठेवला असेल, असेलही. पहिल्यांदा मला खटकलं नाही. दुसऱ्यांदा खटकलं, आणि तिसऱ्यांदा तेवढंच दिसत राहिलं. तुम्हाला कदाचित काहीच वाटणार नाही.

‘मनोरमा’त हा त्रास नाही, कारण अभय देओलचा सत्यवीर हुशार असल्याचा दावाच करत नाही. लाच घेताना सापडून निलंबित झालेला ज्युनियर इंजिनियर. एक रहस्यकथा लिहिली, ती खपली नाही. मंत्र्याचे फोटो काढायचं काम मिळतं, तर तो हुरळून जातो. चुकतो, मार खातो, पुन्हा जातो. असे दोन-तीन साहेब तरी आपल्या ओळखीत असतातच. मूळ कल्पना 1974 च्या ‘चायनाटाउन’ या हॉलीवूडपटावरून, तिथे लॉस एंजेलिसचं पाणी, इथे राजस्थानातला कालवा. गिरणा धरणातून पाणी कधी सुटतं याची वाट बघणाऱ्या माणसाला पाण्यामागचं राजकारण समजावून सांगावं लागत नाही. गुल पनागने वैतागलेली बायको इतकी सहज केलीय की काही प्रसंगांत ती कॅमेरा विसरलीय असं वाटतं.

एक अडचण आहे. ‘मनोरमा’त माणसं हळू बोलतात. मे महिन्यात जळगावच्या घरात कूलर घरघरत असताना निम्मे संवाद वाहून जातात. ‘जॉनी’चं तसं नाही, तो कूलरवरही मात करतो. घरात चार माणसं, मध्ये शेवभाजीचं ताट, गप्पा चालू, असं असेल तर सरळ ‘जॉनी’ लावा, खोटं बोलणार नाही.

भाचा एकटाच बघणार होता. मी म्हटलं, ‘मनोरमा’ लाव, आणि कूलर बंद कर. अर्ध्या तासात ताईचा फोन: "पोराला काय सांगितलंस रे? घामाने निथळतोय, आणि पंखासुद्धा लावू देत नाही."