पीएचडी का कन्सल्टिंग? दोन्हीकडं राहून आलेल्याचं ऐका

गेल्या दोन महिन्यांत चार पोरांनी हाच प्रश्न विचारला. सर, एमए इकॉनॉमिक्स झालं, आता पीएचडीला लागू का पुण्याला कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यासाठी अभ्यास-रिपोर्ट करून देणाऱ्या कंपनीत, जाऊ? चौघांनाही चहा पाजून मोघम काहीतरी बोललो, म्हणून आता एकदाच नीट लिहितो. मी आधी सोलापुरात दोन वर्षं शिकवलं, मग पुण्यात सहा वर्षं कन्सल्टिंग केलं आणि आता परत इथंच कॉलेजात आहे. तुमचं गणित माझ्यापेक्षा वेगळं असू शकतं हे धरूनच वाचा.

पैशाचं पटकन सांगतो. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी पीएचडीची सरकारी फेलोशिप, मिळाली तर महिना 37,000, दोन वर्षांनी 42,000, आणि कायम असिस्टंट प्रोफेसर झालात तर बेसिक 57,700 पासून पुढं. ऐकायला झकास वाटतंय, पण मधे ते तासिका तत्त्व नावाचं प्रकरण आहे ना, जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, दिवाळीची सुट्टी म्हणजे शून्य, आणि झालेल्या तासांचं मानधन कधी येईल त्याचा नेम नाही. माझं एका वर्षाचं मानधन पुढच्या वर्षीच्या गड्ड्याच्या यात्रेला हातात पडलं, तोपर्यंत घरचे विचारायचे की तू नक्की नोकरीच करतोयस ना. कन्सल्टिंगला पहिल्या महिन्यापासून पगार वेळेवर, त्यामुळं घरात हप्ते चालू असतील, बहिणीचं लग्न असेल, तर मी कुणाला पीएचडी कर म्हणणार नाही. फक्त पुढं स्वतःचं काम सुरू करायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, जीएसटी नोंदणी झाली की फाडलेल्या बिलावरचा 18 टक्के जीएसटी पुढच्या महिन्यात भरावाच लागतो, समोरच्यानं पैसे दिलेले असोत नसोत. एका सरकारी कामाचे पैसे मला नऊ महिन्यांनी मिळाले, कर मी खिशातून भरून बसलो होतो.

शिकायला कुठं जास्त मिळतं म्हणाल तर सुरुवातीला कन्सल्टिंगमध्येच, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. एका वर्षात मी डाळिंबाचं कोल्ड स्टोरेज, एका नगरपालिकेची पाणीपट्टी आणि यंत्रमागाचं क्लस्टर (एकाच भागातले छोटे कारखाने) अशा तीन विषयांत नाक खुपसलं. पीएचडीवाला मित्र तेव्हा लिटरेचर रिव्ह्यूच्या दुसऱ्या चॅप्टरवर होता. इन्सेप्शन रिपोर्ट (काम कसं करणार ते सांगणारा पहिला रिपोर्ट), ड्राफ्ट, फायनल, प्रत्येकाला तारीख, आणि तारीख चुकली की पेमेंट अडकतं, त्यामुळं लिहायचा आळस आपोआप जातो. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन कुर्डुवाडी ते दौंड एक आख्खा चॅप्टर लिहिलाय मी. आज पेपर लिहिताना तीच सवय कामाला येते.

रिसर्चमध्ये उलट, कुणाला कसली घाईच नाही. माझा एक पेपर चौदा महिने पडून राहिला आणि शेवटी रिव्ह्यूअरनं दोन ओळी लिहिल्या, त्यातली एक स्पेलिंगबद्दल होती. वर नेमणूक-बढतीसाठी पेपरांचे पॉइंट मोजायची कटकट. केअर लिस्टमधलंच, म्हणजे यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) मान्य केलेल्या यादीतलंच, जर्नल पाहिजे म्हणून लोक वर्षानुवर्षं धावले आणि 2025 मध्ये यूजीसीनं ती लिस्टच बंद केली. आता बसा मोजत.

एवढं सगळं असून मी परत का आलो, तर कारण एकच आहे आणि ते तुम्हाला किरकोळ वाटेल कदाचित.

यंत्रमाग क्लस्टरच्या कामासाठी आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात घरोघर फिरलो. मागाच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कारखानदार बाहेरच्या कट्ट्यावर बसवायचे, चहा मागवायचे आणि दीड-दीड तास उत्तरं द्यायचे. सूत कितीला घेता, एक माणूस किती माग बघतो, कांड्या भरायला, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायला, घरातलं कोण बसतं, सगळं सांगितलं लोकांनी. ह्या कांड्या भरणाऱ्या बायकांचे तास आम्ही मुद्दाम मोजले होते, कारण त्यांना वेगळी मजुरी कुणी धरतच नाही आणि ती धरली तर प्रत्येक टॉवेलमागचा नफा जेमतेम उरतो. ड्राफ्टवर क्लायंटची कॉमेंट आली, हे स्कोपमध्ये नाही. त्या तासांचं टेबल रिपोर्टमधून गेलं. चूक त्यांची होती असंही नाही, टर्म्स ऑफ रेफरन्समध्ये, म्हणजे ठरलेल्या कामाच्या यादीत, ते खरंच नव्हतं. पण डेटाही करारानं त्यांचाच, म्हणजे गोळा मी केला, एंट्री मी केली आणि आज वापरायचा म्हटलं तर मला हात लावता येत नाही.

वर्षभरानं अशोक चौकात त्या कारखानदारांतलेच एक आप्पा भेटले. स्कूटर थांबवून म्हणाले, "काय सर, त्या फॉर्मचं काय झालं ओ?" काय सांगणार? रिपोर्ट गोपनीय आहे म्हणावं तर त्यात त्यांच्याच घरातली माहिती. "चालू आहे आप्पा," म्हणालो आणि पुढं कितीतरी दिवस त्या चौकातून जायचं टाळलं.

अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून आपल्या सोलापूर शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली ती 1965 साली छापून आली, आणि आजही ग्रंथालयात मिळाली तर कुणीही उघडून त्यातल्या आकड्यांवर भांडू शकतो. माझ्या रिपोर्टवर भांडायचीसुद्धा सोय नाही, ही गोष्ट मला लै लागली.

परत आल्यावर त्याच भागात नव्यानं, छोटा का होईना, सर्व्हे केला, पोरांना घेऊन. पेपर इंग्रजीत आला, तो कोण वाचणार, म्हणून त्यातलं एक टेबल मराठीत करून आप्पांना झेरॉक्स नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "हा सुताचा खर्च कमी लिहिलाय तुम्ही." तासभर हुज्जत घातली. आकडा थोडा कमी होता हे मला नंतर पटलं.

आता सगळंच कन्सल्टिंग असं नसतं, काही ठिकाणी रिपोर्ट जाहीर करतात, डेटाही देतात, तेव्हा ऑफर आली तर करारातलं ते कलम आधी वाचा, पगाराचा आकडा नंतर. आणि अजून एक. कॉलेजातून बाहेर जाणं सोपं, बाहेरून कॉलेजात येणं अवघड. हॅल व्हेरियन, ज्यांच्या पुस्तकातून आपण मायक्रो शिकतो, ते बर्कलीत प्रोफेसरकी करून मग गुगलचे चीफ इकॉनॉमिस्ट झाले. उलट्या दिशेनं येताना मला इंटरव्ह्यूत सहा वर्षांत एकही पब्लिकेशन का नाही हे विचारलं आणि माझ्याकडं दाखवायला फक्त गोपनीय रिपोर्टांची नावं होती.

पुण्याला जाणार असाल तर खुशाल जा, दोन-तीन वर्षं चांगलीच जातील. असिस्टंट प्रोफेसरला 2023 पासून पीएचडी सक्तीची नाही, नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा चालते. तेव्हा जायच्या आधी सेटचा फॉर्म तेवढा भरून ठेवा.