युरो आले, पण कुणाचे?

परदेशी पैसे पाठवताना फसायचं म्हणजे आपले पैसे घेऊन समोरचा गायब होणार, असंच आपल्या डोक्यात असतं. आमच्या घरात उलटं झालं. पैसे वेळेत पोहोचले, दरही बँकेपेक्षा चांगला मिळाला, आणि खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. ज्यांची मुलं बाहेर शिकताहेत त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

माझी भाची बर्लिनला एका खासगी विद्यापीठात शिकते. 2025 च्या पावसाळ्यात फी आणि घरभाडं मिळून पाचेक लाख पाठवायचे होते. विद्यार्थ्यांच्या एका टेलिग्राम ग्रुपवरून दाजींना एका एजंटचा नंबर मिळाला. मराठी बोलणारा, अगदी अदबशीर. "काका, तिकडे नोकरी करणाऱ्या पोरांना इकडे घरी रुपये पाठवायचे असतात. तुम्ही रुपये त्यांच्या घरच्यांना द्या, ते ताईच्या खात्यात युरो टाकतात. मध्ये बँकच नाही तर कमिशन कुठलं? बँकेतून गेलात तर वीस टक्के टीसीएस कापतील."

टीसीएस म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर. त्याचं हे भूत साफ खोटं होतं. एप्रिल 2025 पासून एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस लागतच नाही. त्यावरच्या रकमेलाही शिक्षणासाठी वीस टक्के हा दर नाही, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर टीसीएस शून्य. शिवाय कापलेला टीसीएस बुडत नाही, रिटर्न भरताना वजा होतो. म्हणजे हा गडी जो कर वाचवून देत होता तो आम्हाला लागूच नव्हता!

दाजींनी परवाना मागितला तर लगेच फोटो आला. तो होता मनी चेंजरचा. कागद खरा की खोटा हे सोडाच, पण तसा परवाना प्रवासाला निघालेल्यांना परकीय चलन देण्याघेण्यापुरता असतो. फी बाहेर पाठवायला बँक लागते, नाहीतर रिझर्व्ह बँकेची एडी (म्हणजे परकीय चलनाचा अधिकृत डीलर) कॅटेगरी-2 मान्यता असलेली कंपनी. त्या कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे.

आधी थोडी रक्कम पाठवून पाहिली. तासाभरात युरो जमा. मग उरलेली रक्कम त्याने सांगितलेल्या चार वेगवेगळ्या नावांच्या खात्यांत गेली आणि तिकडे युरोही आले. भाचीने स्टेटमेंट उघडलं तर पाठवणारी कुणीतरी जर्मन बाई, आणि तपशिलात लिहिलेलं "काउत्सिओन". म्हणजे घराचं डिपॉझिट. तिने विचारलं तर उत्तर तयार होतं: "ताई, त्या पोराच्या घरमालकिणीचं खातं आहे ते." घरमालकीण कशाला कुणाला डिपॉझिट पाठवेल?

खेळ असा होता. बर्लिनमध्ये भाड्याचं घर मिळणं किती कठीण आहे ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. कुणीतरी इंटरनेटवर नसलेल्या फ्लॅटची जाहिरात टाकली. घर शोधणाऱ्या त्या बाईला डिपॉझिट भरायला खातं दिलं ते आमच्या भाचीचं. बाईचे युरो भाचीकडे, दाजींचे रुपये एजंटच्या माणसांकडे. बाईने पोलिसांत तक्रार केली तेव्हा नाव निघालं भाचीचं.

दुकानात कार्ड चालेना म्हणून तिने ॲप उघडलं, तर खातं गोठवलेलं. पाठोपाठ पोलिसांचं पत्र, मनी लाँडरिंगच्या संशयाचं. जर्मन दंडविधानाच्या कलम 261 खाली पैसा गुन्ह्यातला आहे हे ठाऊक असायलाच हवं असं नाही, घोर निष्काळजीपणाही पुरतो. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलीला हे पत्र वाचून काय वाटलं असेल! वकील करावा लागला. ते युरो त्या बाईचेच होते, त्यामुळे ते हातचे गेले.

खातं गोठायच्या आधी एजंटने आणखी एक डाव टाकला होता: "ताई, सहाशे युरो चुकून जास्त आलेत, या खात्यावर परत टाका." टाकले असते तर चोरीचा पैसा पुढे सरकवणारी म्हणून तिचं नाव पक्कं झालं असतं.

इकडे 1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि सरकारच्या सायबर पोर्टलवर तक्रार केली. चारही खाती भाड्याने घेतलेली निघाली. थोडी रक्कम बँकेने रोखून धरली, बाकीची केव्हाच काढलेली. तक्रारीचं कळताच एजंटचा मेसेज: "फेमात तुम्हीच अडकाल." यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते चालतं. इथे रुपये देऊन बँकेबाहेर तिकडे परकीय चलन घेणं 1999 च्या फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचं उल्लंघन आहे, दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. याच भीतीने लोक गप्प बसतात. आम्ही वकिलाला विचारून सगळं लेखी सांगितलं.

आता स्वस्तात पाठवण्याबद्दल, कारण मूळ गरज खरी आहे. बँकेचा खरा नफा कमिशनमध्ये नसतो, दरात असतो. "झिरो कमिशन"च्या पाटीवर जाऊ नका. एकच विचारा: माझ्या खात्यातून सगळं मिळून किती रुपये जाणार आणि तिकडे किती युरो पोहोचणार? तोच प्रश्न दोन-तीन ठिकाणी विचारून आकडे समोरासमोर ठेवा. मोठ्या रकमेला बँकेचा कार्ड रेट, म्हणजे त्या दिवशीचा जाहीर दर, मुकाट्याने घेऊ नका, शाखेतून बँकेच्या फॉरेक्स डेस्कला (परकीय चलन विभागाला) फोन लावायला सांगितलं की दर बऱ्याचदा खाली येतो. पाच लाखांच्या चलनबदलावर जीएसटी 540 रुपये होतो, त्याचा बाऊ नको. फी पाठवताना फॉर्मवर चार्जेससाठी "ओयूआर" (OUR, म्हणजे सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे) निवडा, नाहीतर मधल्या बँका थोडे थोडे कापतात आणि विद्यापीठाच्या हिशेबात फी अपुरी दिसते.

आणि मुलांच्या खात्यात आधीच असे अनोळखी नावाचे पैसे आले असतील, तर ते खर्चू नका आणि एजंट सांगेल त्या खात्यावर परतही पाठवू नका. बँक विचारेल याची वाट न पाहता मुलांनीच बँकेला लेखी कळवावं, आणि सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. आमच्या एजंटने त्याच्या बाजूचे सगळे मेसेज नंतर डिलीट केले होते.