क्लाउड क्वांटम, काही महिन्यांनंतर: सर्किट उघडंच राहतं

इंटरनेटवरून भाड्याचं क्वांटम मशीन वापरायला लागून काही महिने झाले. त्यात क्यूबिट (क्वांटम बिट) किती, रांग किती लांब, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला खटकते ती जॉब हिस्टरी. जुना जॉब उघडला की नुसते काउंट्स (कोणतं उत्तर किती वेळा आलं) नाही, अख्खं सर्किट, म्हणजे क्यूबिटवर करायच्या क्रियांची (गेट्सची) यादी, कोनांसकट समोर येतं. टीएलएस (इंटरनेट जोडणीचं कूटलेखन) वाटेतल्या चोराला अडवतं. सर्व्हरला मात्र सर्किट चालवण्यासाठी वाचावंच लागतं.

क्यूएओएमध्ये, म्हणजे सर्वांत चांगला पर्याय शोधायच्या क्वांटम पद्धतीत, हे फार महागात पडतं. एकाच थरात आरझेडझेडचे (दोन क्यूबिट जोडणाऱ्या गेटचे) कोन ०.४२, ०.८४, १.२६ दिसले की जोड्यांची वजनं १:२:३ आहेत हे लगेच कळतं. गॅमा (थरातल्या सगळ्या कोनांचा समान गुणक) माहीत नसला तरी चालतं, भागाकारात तो उडतो.

मोजण्याआधी एक्स गेट (० चा १, १ चा ० करणारा) लावून निकाल उलटवण्यात अर्थ नाही, कारण तो गेटही सर्किटमध्ये दिसतो. त्यापेक्षा वजनांची चिन्हं आपल्याच मशीनवर पालटा. कोणते क्यूबिट उलटायचे हे सांगणारी गुप्त बिटमाला म्हणजे मास्क; h हे एकेका क्यूबिटचं वजन, J हे जोडीचं. समजा मास्क ११०. मग h१, h२ ची चिन्हं बदलतात, J१३ आणि J२३ ची बदलतात, J१२ तसाच राहतो. जादा गेट एकही नाही. निकाल ०११ आला तर मास्कशी एक्सऑर करा (मास्कमध्ये १ असेल तिथला बिट उलटा): १०१. किस्किट (क्वांटम प्रोग्रॅमिंगची पायथन लायब्ररी) क्यूबिट ० उजव्या टोकाला छापतं, म्हणून आधी मास्कची स्ट्रिंग उलटी करा. ते राहिलं तर एररही येत नाही, उत्तर मात्र चुकतं. मास्क पायथनच्या ‘सीक्रेट्स’ मॉड्यूलमधून घ्या, ठरावीक सीड (रँडम आकड्यांचा आरंभ-आकडा) नको. जॉबच्या नावात ‘पोर्टफोलिओ’ वगैरे लिहू नका.

४००० शॉट्स (सर्किटच्या फेऱ्या) ८ मास्कांत वाटले की दर जॉबमागचं शुल्क आठपट, म्हणून हा खर्च आधी वायफळ वाटत होता. आता तसं म्हणणार नाही. सुपरकंडक्टिंग मशीन १ ला ० वाचायची चूक जास्त करते, आणि मास्क बदलत राहिले की तो कल एका बाजूला साचत नाही. गोपनीयतेसाठी दिलेल्या पैशांत अचूकताही मिळते.

तरी आकडे झाकले जात नाहीत, फक्त चिन्हं झाकली जातात. सगळे J मुळात धनच आहेत हे सर्व्हरला माहीत असेल तर मास्कही उघडा पडतो. खरा उपाय २००९ चा ब्रॉडबेंट, फिट्झसिमन्स, काशेफी यांचा ब्लाइंड प्रोटोकॉल: ग्राहक π/४ च्या पटीतल्या ८ कोनांपैकी एकात तयार केलेले क्यूबिट पाठवतो, सर्व्हरला गणित कळतच नाही. व्हिएन्नात २०१२ मध्ये तो फोटॉनवर करून दाखवला गेला. पण त्याला क्यूबिट पाठवणारी लाइन हवी, आणि माझ्या खात्यात आहे फक्त एपीआय की (सेवेला जोडणारा पासवर्डसारखा कोड).

निदान डिलीटचं बटण दाबल्यावर सर्किट सर्व्हरवरून किती दिवसांत जातं, एवढं तरी सेवेने लेखी द्यावं. ते मिळेपर्यंत खऱ्या आकड्यांचं काम सिम्युलेटरवरच, आणि पुढचं वार्षिक शुल्क भरणार नाही.